खरखरीखालचा डावा हात

पॅरामाउंट कंपनीची 1920च्या दशकातली रेकॉर्ड लावली की आधी ऐकू येते ती खरखर. पुष्कळांचा उत्साह तिथेच मावळतो. पण नेटाने ऐकत राहिलं तर खरखरीच्या तळाशी काहीतरी चालत असल्याचं जाणवायला लागतं. चार मात्रांत आठ ठोके टाकत पियानोच्या मंद्र सप्तकात न थकता फिरणारा तो वादकाचा डावा हात. तबल्यात डग्गा गेला तर जे होईल तेच बूगी-वूगी या ब्लूज पियानोच्या शैलीत हा हात गेला तर होतं: बोल राहतात, घुमारा जातो. आणि जुन्या तबकडीवरून परत मिळवायला सगळ्यांत अवघड असतो तो नेमका हाच.

मिलवॉकीत राहायला आल्यावर माझी ओळख इथल्या एका निवृत्त शिक्षकांशी झाली. 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या डिजिटल प्रती करण्याचं काम ते घराच्या तळघरात करतात. रेकॉर्ड्स काही त्यांच्या स्वतःच्या, बऱ्याचशा इतर संग्राहकांच्या. मी शनिवारी तिथे जाते. तबकड्या धुते, वहीत नोंदी करते, आणि लहानपणापासून हार्मोनियम वाजवत असल्यामुळे पट्टी ओळखायचं काम माझ्याकडे आलं आहे. ब्लूज पियानोची ओळख मला मैफलीत नाही, पुस्तकात नाही, त्या तळघरातच झाली.

धुण्यापासून सुरुवात होते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, कारण लेबलवरची अक्षरं हा पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. आणि स्पिरिट कधीही वापरायचं नाही. आपले सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, आणि या तबकड्यांना धरून ठेवणारा पदार्थही चपडाच, म्हणजे लाख. बाकी दगडाची बारीक भुकटी, काजळी, थोडं सुती तंतूंचं मिश्रण. त्या काळात जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातल्या पळस-कुसुमावरून खरवडलेली, कलकत्ता बंदरातून जहाजात चढलेली. शिकागोच्या काळ्या वस्तीतला पियानो झारखंडातल्या झाडांच्या फांद्यांवरच्या किड्यांच्या स्रावात जपला गेला, हे कळल्यापासून मी तबकडी हातात घेताना अधिक जपून घेते.

पॅरामाउंटने या मिश्रणात काटकसर केली, म्हणून तिच्या रेकॉर्ड्स इतरांपेक्षा जास्त खरखरतात. मुळात ही गाण्याची कंपनी नव्हतीच. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन गावात खुर्च्या बनवणारा कारखाना होता, विस्कॉन्सिन चेअर कंपनी. तो फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवू लागला, आणि कपाटं खपायची तर लोकांना रेकॉर्ड्स हव्यात म्हणून रेकॉर्ड्सही काढू लागला. तबकड्या छापायचा कारखाना ग्राफ्टनला, मिलवॉकी नदीच्या काठी. आमच्या इथून गाडीने अर्ध्या तासावर. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या रेकॉर्ड्सच्या मालिकेला तेव्हा ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या, टपालाने माल जायचा, एका तबकडीची किंमत 75 सेंट. मंदीत धंदा बसला आणि 1932 साली ध्वनिमुद्रण थांबलं. मूळ धातूचे साचे पुढे भंगारात गेले. काही कामगारांनी तबकड्या नदीत भिरकावल्या अशी आख्यायिका आहे. त्या पाण्यात उतरून शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. म्हणजे आज आपल्याकडे जे आहे ते लोकांनी विकत घेऊन, वाजवून, झिजवून घरात ठेवलेल्या प्रतींमुळे. मला हे फार मोलाचं वाटतं. कंपनीने हे संगीत टाकून दिलं, आणि 75 सेंट मोजणाऱ्यांनी ते राखलं.

पण झीज ही झीजच. त्या काळच्या पोलादी पिना जड साउंडबॉक्ससकट खाचेत उतरत आणि खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा खरवडून काढत. धुतलेली तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की ही जागा करड्या रंगाची दिसते. मास्तर (मी त्यांना मनातल्या मनात मास्तरच म्हणते) भिंगातून ती बराच वेळ पाहतात आणि मग एक छोटी पेटी उघडतात. तिच्यात वेगवेगळ्या जाडीच्या हिऱ्याच्या पिना असतात, इंचाच्या सुमारे सव्वादोन हजारांशापासून साडेतीन हजारांशापर्यंत. जाड पिन खाचेत वरच्या बाजूला टेकते, बारीक पिन खोलवर जाते. पोलादी पिनेने जो पट्टा खाल्ला आहे त्याच्या वर किंवा खाली न झिजलेली भिंत असेल, तर तिथे स्वर अजून शाबूत असतो. एकच रेकॉर्ड तीन-चार पिनांनी वाजवून बघावी लागते. फरक इतका असतो की एका पिनेवर पियानो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि दुसरीवर अचानक लाकडाचा होतो.

यात अजून एक खुबी आहे. खाचेला दोन भिंती असतात आणि या रेकॉर्ड्स मोनो असल्यामुळे दोन्ही भिंतींवर तेच संगीत कोरलेलं असतं. मास्तर दोन्ही भिंती वेगवेगळ्या उतरवून घेतात. एक भिंत जास्त झिजलेली असेल तर तेवढ्या जागी दुसरी वापरायची. कधी कधी ब्लूजच्या चालीच्या एका फेऱ्यापुरती ही अदलाबदल असते, बारा आवर्तनं बाहेरची भिंत, पुढची बारा आतली.

मग माझं काम. 78 फेऱ्या हा आकडा लेबलवर असला तरी त्या काळी मुद्रणाच्या वेळी यंत्राचा वेग नेहमीच काटेकोर नसे. वेगात सुमारे साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सगळं गाणं अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकतं. गायकाच्या बाबतीत खरी पट्टी कोणती हे सांगणं कठीण, पण पियानो बरोबर असला की सोपं होतं. सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधेच लोंबकळत असेल तर वेग चुकला आहे, किंवा पियानोच उतरलेला आहे. दुसरी शक्यताही खरीच, कारण हे पियानो काही सभागृहातले नव्हते. हाताची ठेवण ऐकून निर्णय करावा लागतो. काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरणारं बोट वेगळं ऐकू येतं, ती घसरण मीड लक्स लुईसच्या पांढरी पाचमधल्या वादनात कानाला लगेच जाणवते.

या लुईसच्या ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ने मला या कामात खेचलं. 1927च्या डिसेंबरात त्याने ती शिकागोत पॅरामाउंटसाठी वाजवली. रुळांजवळच्या घरात वाढलेला मुलगा. डावा हात सबंध स्वरसंगती दाबत गाडीची चाकं चालवतो आणि उजवा हात त्या लयीशी सतत भांडतो. तीनाचे गट, दोनाचे गट, मधेच मात्रेच्या अलीकडे पलीकडे उतरणारे ठोके. पहिल्यांदा ऐकताना उजव्या हाताचंच कौतुक वाटतं. मास्तरांनी मला उजवा विसरून फक्त डावा ऐकायला लावला, तबकडीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तेव्हा समजलं की उजव्याला एवढी मुभा मिळते ती डावा एका केसाइतकाही हलत नाही म्हणून.

ही रेकॉर्ड फारशी खपली नाही. लुईस टॅक्सी चालवत होता, पुढे गाड्या धूत होता. न्यूयॉर्कचा रेकॉर्ड-निर्माता जॉन हॅमंड याच्या हाती या रेकॉर्डची प्रत लागली आणि तो वाजवणाऱ्याच्या शोधात फिरू लागला. 1935 साली लुईसचा बालमित्र आणि पियानोवादक अल्बर्ट अॅमन्स याच्यामार्फत पत्ता लागला, आणि त्याच वर्षी लुईसने ‘ट्रेन’ पुन्हा मुद्रित केली. 23 डिसेंबर 1938ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुईस, अॅमन्स आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन असे तिघे वाजवायला बसले. ऐकणाऱ्यांत अल्फ्रेड लायन नावाचा जर्मनीहून आलेला तरुण होता. त्याने 6 जानेवारी 1939ला अॅमन्स आणि लुईसला स्टुडिओत बोलावलं, आणि ब्लू नोट ही कंपनी तिथून सुरू झाली. 1935 आणि 1927च्या ‘ट्रेन’ लागोपाठ लावल्या तर नंतरची स्वच्छ आणि सफाईदार आहे. पण मला पहिलीच अधिक प्रिय. तिथे डाव्या हातात एक उतावळेपणा आहे, नंतर तो गेला.

आता खऱ्या अडचणीकडे येते. डावा हात का दबतो? 1925च्या आधी कर्ण्यासमोर वाजवून मुद्रण व्हायचं, आणि कर्ण्याला मंद्र स्वर धरताच येत नसत. जिमी ब्लाइदची 1924ची ‘शिकागो स्टॉम्प’ ही बूगी-वूगी बासची अगदी सुरुवातीची एकल रेकॉर्ड, पण तिच्यातला बास ऐकण्यापेक्षा ताडावाच जास्त लागतो. मायक्रोफोन आला तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. खालचा स्वर खाचेला डावीउजवीकडे फार लांब हेलकावे देतो. तो पूर्ण ताकदीने कोरला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, आणि जागा सोडून कोरलं तर दहा इंचांत तीन मिनिटं मावणार नाहीत. म्हणून कोरतानाच खालचे स्वर कमी केले जात. वाजवताना ते त्याच प्रमाणात परत द्यायचे असतात. पण किती कमी केले याची कंपन्यांची पद्धत एक नव्हती, आणि कुणी ते लेबलवर लिहिलंही नाही. त्यामुळे शेवटी कानच. मास्तर एक बटण हळूहळू फिरवत जातात. कमी दिलं तर पियानो खुरटतो. जास्त दिलं तर बास फुगून गदगदतो आणि ठोक्याची धार जाते. मधे कुठेतरी अशी एक जागा येते की हातोडी तारेवर पडते ती वेळ आणि त्यानंतरचा घुमारा दोन्ही वेगळे कळतात. तिथे ते थांबतात, मला विचारतात, आणि पुष्कळदा आमचं एकमत होत नाही.

खरखर काढून टाकणारी सॉफ्टवेअर्स आता सहज मिळतात. ती सरसकट वापरण्याला माझा ठाम विरोध आहे. खरखर आणि पियानोच्या ठोक्याची पहिली चमक एकाच पट्ट्यात राहतात. एक पुसायला गेलं की दुसरीही पुसली जाते आणि उरतो तो ओल्या पोत्यातून आल्यासारखा गुळगुळीत, निर्जीव आवाज. मास्तर फक्त ओरखड्यांचे टिक्‌टिक् आवाज काढतात, तेही एकेक पाहून, हाताने.

पाइनटॉप स्मिथची रेकॉर्ड मात्र त्या मानाने सुस्थितीत मिळते, कारण ती खपली. 29 डिसेंबर 1928, शिकागो, व्होकॅलियन कंपनी. ‘बूगी-वूगी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते तिच्यामुळे. वाजवता वाजवता तो नाचणाऱ्यांना सूचना देतो, कधी थांबायचं, कधी हलायचं, आणि पियानोही त्याच्या शब्दाबरोबर थबकतो. घरभाडं भागवण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेऊन रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत हे संगीत वाढलं. तिथे एकेक चाल तासभर चालत असणार. तबकडीवर तिची तीन मिनिटं आली. त्या सूचनांमुळे तरी समोर माणसं होती हे विसरायला होत नाही. तीन महिन्यांच्या आतच, 1929च्या मार्चमध्ये, शिकागोच्या एका नाचघरात गोळी लागून स्मिथ गेला. वय 24.

जिमी यान्सीचा डावा हात या सगळ्यांहून निराळा. हॅमंडच्या पिढीने त्याला शोधून 1939 साली पहिल्यांदा मुद्रित केलं, तेव्हा तो शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलचं मैदान राखायचं काम करत होता, आणि नंतरही बरीच वर्षं तेच करत राहिला. त्याचा बास भरगच्च नाही. मधे जागा सोडत, किंचित लंगडत चालतो, हबानेरा या क्यूबन नाचाच्या लयीसारखा. आणि त्याची एक ठाम सवय: चाल कुठल्याही पट्टीत असो, शेवट तो काळी दोनमध्येच करतो. त्याच्या रेकॉर्ड्सचा वेग तपासायला मी आधी शेवट ऐकते.

अलीकडे आमच्यापुढे वेस्ली वॉलेसची ‘नंबर 29’ आहे, पॅरामाउंटचीच, 1929-30च्या सुमाराची. या माणसाविषयी जवळपास काहीच माहिती उपलब्ध नाही. त्याच्या नावावर मोजक्याच बाजू आहेत. केरोहून ईस्ट सेंट लुइसकडे जाणाऱ्या गाडीवर चोरून चढल्याची गोष्ट तो सांगतो, आणि गाडीचं सगळं पियानोत करून दाखवतो, शिट्टी, चाकं, उडी मारल्यावरचं कोलमडणंसुद्धा. डावा हात तीनाच्या पटीत चालतो, उजवा दोनाच्या. दोघं एकमेकांना सोडत नाहीत. आमच्याकडे आलेली प्रत बाहेरच्या भिंतीवर जवळजवळ संपलेली आहे, आतली भिंत बरी आहे. वेगाबद्दल मात्र मास्तर आणि मी अजून भांडतो आहोत. त्यांच्या मते गाडी थोडी सावकाश असावी. मला बोलण्याचा आवाज त्या वेगाला नैसर्गिक वाटत नाही, ओढल्यासारखा वाटतो, आणि सूरही दोन पट्ट्यांच्या मधे अडकतो. पुढच्या शनिवारी त्याच पॅरामाउंटच्या त्याच सुमाराच्या दुसऱ्या पियानो रेकॉर्ड्स एकामागून एक लावून त्यांचे सूर मोजायचे ठरले आहेत. मुद्रण एकाच यंत्रावर झालं असेल तर सगळ्यांचा फरक सारखा निघेल.