शाळा संपली, आता पुढे काय? स्वमग्न मुलांसाठी शिक्षणाच्या आणि कामाच्या वाटा



गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज या सगळ्यावर आपण मोकळेपणानं बोलतो. पण बैठक संपल्यावर एखादी ताई चपला घालता घालता हळूच विचारते, "पोरगा सोळा वर्षांचा झाला. शाळा संपत आली. माझ्यामागं त्याचं कसं व्हायचं?" तिच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. अशा आयांसाठी ही माहिती.

स्वमग्नता म्हणजे वेड नाही. ती आईच्या चुकीमुळे होत नाही आणि बाहेरची बाधाही नाही. या मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीनं होते. कुणी फारसं बोलत नाही, कुणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं, कुणाला मिक्सरचा आवाज सोसत नाही. कुणी मात्र गावातल्या सगळ्या एसट्यांच्या वेळा तोंडपाठ सांगतं. म्हणून सगळ्यांना एकच वाट सांगता येत नाही. आपलं मूल कशात रमतं, ते आधी बघायचं.

आधी कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची दिव्यांगत्व म्हणून नोंद आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर भरतात. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर बहुतेक सवलती मिळतात. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल, तर ती संपायच्या आत नवीन करून घ्या.

शिकण्याच्या वाटा

दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. पण अर्ज शाळेमार्फत वेळेत गेला पाहिजे. ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको.

नेहमीची शाळा झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस आहे. इथं विषय निवडता येतात आणि एकेक करून सोडवता येतात. त्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका विषयात नापास झालं म्हणून सगळं वाया जात नाही.

बारावीनंतर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत अशा मुलांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. वयातही पाच वर्षांची सूट आहे. आयटीआयमध्येही दिव्यांगांसाठी जागा असतात. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम असे काही ट्रेड आठवी पास मुलांनाही घेता येतात. मात्र ट्रेड निवडण्याआधी मुलाला एकदा वर्कशॉप दाखवून आणा. तिथला आवाज, उजेड, गर्दी त्याला सोसते का, ते बघा.

पुस्तकी शिक्षण जमणार नसेल, तर १८ वर्षांवरील मुलांसाठी संस्थांच्या कार्यशाळा असतात. तिथं कागदी पिशव्या, मेणबत्त्या, पणत्या, राख्या, पॅकिंग अशी कामं शिकवतात. आपल्या जिल्ह्यात त्या कुठं आहेत, हे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. स्वतःचा छोटा धंदा करायचा असेल, तर आरसेटीत प्रशिक्षण मोफत असतं.

कामाची तयारी घरातून

मुंबईत जुहूला 'अर्पण' नावाचं कॅफे आहे. तिथं स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी काम करतात. त्याची सुरुवात डब्यांपासून झाली होती. डबे, पापड, मसाला हे तर आपलंच काम आहे!

मसाल्याचं पॅकिंग बघा. पिशवी उघडायची, वजन करायचं, भरायचं, सील करायचं, लेबल लावायचं. ठरलेल्या क्रमाचं असं काम या मुलांपैकी बऱ्याच जणांना आवडतं. शिकवताना एका वेळी एकच पायरी घ्या. प्रत्येक पायरीचा फोटो भिंतीवर लावा. "नीट कर" असं म्हणण्यापेक्षा "काटा १०० वर आला की थांब" असं सांगा. कामाची जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. बदल करायचा असेल, तर आदल्या दिवशी सांगा.

त्यासोबत एकट्यानं दुकानात जाणं, सुटे पैसे मोजणं, मदत मागणं, कुणी नको तसा हात लावला तर ठाम "नाही" म्हणणं, हेही शिकवायचं. नोकरी टिकते ती यावर. ही तयारी तेरा-चौदाव्या वर्षीच सुरू करा.

१८ पूर्ण झाल्यावर

कायद्यानं मूल सज्ञान होतं. काही मुलांना त्यानंतरही कायदेशीर पालकाची गरज असते. सगळ्यांनाच असते असं नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. याच न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

गटानं काय करावं?

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठं खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. गटाच्या युनिटमध्ये अशा एका मुलाला किंवा मुलीला रोज दोन तास शिकू द्या. तयार झालं की इतरांइतकीच मजुरी द्या, "बिचारा आहे" म्हणून फुकट राबवू नका. आणि अशा मुलाची आई बैठकीला आली नाही, तर तिला दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या. बऱ्याचदा मुलाजवळ थांबायला घरात दुसरं कुणी नसतं.

"माझ्यामागं कसं?" या प्रश्नाचं ओझं त्या एकटीच्या डोक्यावर राहू नये. पुढच्या बैठकीत हा विषय चपला घालताना नको, अजेंड्यावर घ्या.