शाईची चैन

चैन कशास म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरांत निराळें मिळतें. आणि मौजेची गोष्ट अशी कीं एकाच घरांतील दोन माणसांकडूनही तें सारखें मिळत नाहीं. आपण करतों तो खर्च गरजेचा आणि दुसरा करतो ती चैन, ही व्याख्या बहुतेकांच्या मनांत न बोलतां घर करून असते. एकत्र कुटुंबांत तिला वडीलकीचेंही पाठबळ मिळतें. आजोबांची तपकीर, काकांचा बाहेरचा दुपारचा चहा, थोरल्या भावाचें पान हीं घरच्या नित्यक्रमांत इतकीं मुरलेलीं असतात कीं त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. परंतु धाकट्या सुनेनें किंवा कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें फाउंटन पेनासाठीं चांगल्या शाईची एक कुपी मागविली, कीं ‘दहा रुपयांचें पेन लिहायला पुरत नाहीं का?’ हा प्रश्न माजघरापासून ओटीपर्यंत फिरून येतो. हा प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. म्हणूनच त्याचें उत्तर रुसून न देतां हिशेबानें द्यावें असें आम्हांस वाटतें, आणि तोच प्रयत्न येथें करण्याचें योजिलें आहे.

हिशेबापूर्वी वस्तूची ओळख करून घेऊं. आपल्या पणजोबांच्या काळीं शाई घरींच होत असे. दिव्याचें काजळ धरून तें डिंकाच्या पाण्यांत खलीत, कोठें हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून काळा रंग आणीत, आणि बोरू छाटून लिहीत. अक्षर, शाई, बोरू आणि कागद यांची आस्था कशी बाळगावी, यासाठीं समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास दिला आहे. लेखनसाहित्याची निगा हा आपल्याकडे चोचला नव्हता, अभ्यासाचेंच तें एक अंग होतें, एवढें त्यावरून दिसून येतें.

मात्र ती जुनी दाट शाई फाउंटन पेनास, ज्यास कोणी हौसेनें झरणी म्हणतात त्यास, मुळींच चालत नाहीं. या पेनांत शाईच्या कोठीपासून निबच्या टोंकापर्यंत केसासारखी बारीक वाट असते. तींतून शाई खालीं उतरते आणि तिची जागा भरून काढण्यास तेवढीच हवा वर जाते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यानें १८८४ सालीं ज्या पेनाचें पेटंट मिळविलें, त्याचें मर्म याच देवघेवींत होतें. या वाटेंत काजळाचा कण बसला किंवा डिंक वाळला, कीं पेन मुकें झालेंच म्हणून समजावें. यासाठीं त्याची शाई पाण्यासारखी पातळ, गाळ न धरणारी, बुरशी न येणारी आणि टोंकावर चटकन् वाळून न बसणारी अशी करावी लागते. बाटलींत बहुतांशीं पाणीच असतें, हा आक्षेप खरा आहे; पण आपण पैसे मोजतों ते पाण्यास नव्हेत, त्या पाण्यास लावलेल्या शिस्तीस.

ही शिस्त लावण्याची विद्या आपल्याकडेही आली. अमेरिकेंतील पार्कर कंपनीनें आपली ‘क्विंक’ शाई १९३१ सालीं बाजारांत आणली, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं मुंबईस दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधु गोविंद परशुराम दांडेकर यांनीं घोडा छाप शाईची पूड व वड्या करण्याचा लहानसा उद्योग आरंभिला. पुढें त्यांतूनच ‘कॅमल’ शाई व कॅमलिनचा कारखाना उभा राहिला, आणि महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांचीं बोटें त्या शाईनें निळीं झालीं. तिकडे बंगाल्यांत राजशाही येथें १९३४ सालीं ‘सुलेखा’ शाई निघाली. कॅमलिनचीं सूत्रें २०११ पासून कोकुयो या जपानी मंडळीच्या हातीं गेलीं आहेत. तरी स्वस्त आणि चांगली एतद्देशीय शाई मिळण्याची सोय त्या काळापासून झाली ती आजपर्यंत टिकून आहे.

आतां भावाकडे वळूं. एतद्देशीय शाईची ६० मिलिलिटरची बाटली ४० रुपयांस धरूं, आणि रंगांचे नखरे असलेल्या जपानी किंवा विलायती शाईची ५० मिलिलिटरची कुपी २,००० रुपयांस धरूं. एका मिलिलिटरांत बारीक टोंकाच्या पेनानें वहीचीं दहा पृष्ठें होतात असें मानूं. जाड टोंक अधिक शाई पितें, म्हणून अंदाज हात राखूनच केलेला बरा. या हिशेबानें देशी बाटलींत ६०० पृष्ठें होतात व पृष्ठास सात पैशांहूनही कमी खर्च पडतो. परदेशी कुपींत ५०० पृष्ठें होतात व पृष्ठास चार रुपये पडतात. नित्य एक पृष्ठ लिहिणाऱ्यास देशी बाटली सुमारें वीस महिने पुरेल, आणि परदेशी कुपी सोळा महिन्यांहून अधिक.

आतां ज्यांस कोणी चैन म्हणत नाहीं अशा गोष्टी याच तराजूंत घालून पाहूं. बाहेरच्या चहाचा पेला १२ रुपयांस धरला, तर नित्याच्या एका पेल्याचे ५०० दिवसांत ६,००० रुपये होतात. म्हणजे ज्या अवधींत ती महाग कुपी संपते, त्या अवधींत तशा तीन कुप्यांचे पैसे चहाबरोबर पोटांत जातात आणि कोणाच्या कपाळास आंठी पडत नाहीं. आणि आम्हां रत्नागिरीकरांस तर हापूसचाच दाखला द्यावयास हवा. हंगामाच्या आरंभीं, बाजारांत पहिल्या पेट्या येतात तेव्हां, डझनास १,२०० रुपये मोजणारीं घरें या गांवांत कमी नाहींत. एक आंबा १०० रुपयांस पडला. त्या कुपीच्या किमतींत असे वीस आंबे येतात, आणि दहा माणसांच्या पंक्तीस ते दोन जेवणांपलीकडे टिकत नाहींत. हाच आंबा महिनाभरानें निम्म्या भावांत येतो, हें ठाऊक असूनही आपण तो घेतों. कारण पहिल्या आंब्याची गोडी जिभेपेक्षां मनास अधिक असते. आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. मनाची ही गोडी आंब्यापुरती मान्य करावयाची आणि शाईस मात्र नाकारावयाची, हा न्याय नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

मग शाईच डोळ्यांत कां सलते? कारण तिचा खर्च एकरकमी होतो व उपभोग थेंबाथेंबानें होतो. चहा-पानाचा खर्च थेंबाथेंबानें होतो व त्याची बेरीज कोणीच करीत नाहीं. एकदम दिलेली नोट दिसते, पाझरून गेलेले पैसे दिसत नाहींत. दुसरें कारण याहून नाजूक आहे. जो खर्च वडीलधारे करतात तो वहिवाट होतो. जो खर्च घरांतील धाकटें माणूस प्रथम करतें तो विचारास येतो. शाईचा वाद बहुधा शाईचा नसतोच. आपल्या मनाप्रमाणें एक लहानसा खर्च करण्याचा अधिकार कोणास आहे, याचा तो वाद असतो.

येथें एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आंबा सगळी पंगत खाते, चहा सर्वांसाठीं होतो. शाईचें सुख एकट्याचें. हें वरवर खरें दिसतें. परंतु कोंकणानें तरी हें म्हणूं नये. ज्या मुलुखांतील कर्ते पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईस नोकरीस राहिले आणि ज्यांचीं घरें मनिऑर्डरीवर व पत्रांवर चाललीं, तेथें एका माणसाच्या दौतींतील शाई साऱ्या घरानें वाचलेली आहे. पत्र ओटीवर मोठ्यानें वाचलें जाई, स्वयंपाकघरांत पुन्हां एकदां वाचलें जाई, आणि मग तारेच्या आंकड्यांत अडकवून ठेविलें जाई. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, आतां तर हातांतील फोनवरून क्षणांत निरोप येतो, आणि ही सोय नाकारण्याइतके आम्ही हटवादी नाहीं. तथापि निरोप वाचून पुढें सरकतो, पत्र घरांत राहतें. आजीच्या हातची लोणच्याची कृति, आजोबांनीं मांडलेला बागेचा जमाखर्च, माहेरवाशिणीचें बाळंतपणानंतरचें पहिलें पत्र, यांत अक्षराबरोबर माणूसही उरतो. चैनीच्या इतर वस्तू उपभोगाबरोबर संपतात. शाई संपते तेव्हां वही भरलेली असते.

किती शाईंत किती काम होतें, याचाही एक अंदाज करून पाहावा. याच जिल्ह्यांत चिपळूणजवळ १८८० सालीं जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत पांच खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचीं पृष्ठें साडेसहा हजारांवर आहेत. केवळ हिशेबासाठीं असें समजूं, कीं एका छापील पृष्ठास हातचीं दोन पृष्ठें लागतात. तेरा हजार पृष्ठांस तेराशें मिलिलिटर शाई, म्हणजे आजच्या देशी शाईच्या बावीस बाटल्या, आणि आजच्या भावानें अवघे ८८० रुपये! १९६३ सालीं ज्यांना भारतरत्न मिळालें, त्या पंडिताच्या आयुष्यभराच्या ग्रंथास लागणारी शाई हापूसच्या एका डझनापेक्षां स्वस्त पडते. बाकी जें लागलें तें बाजारांत मिळत नाहीं.

आणि येथेंच आमच्या अशिलाविरुद्धही एक साक्ष द्यावी लागते. ज्या मंडालेचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ पर्यंत रत्नागिरींत बंदिवासांत होता, त्याच मंडालेच्या तुरुंगांत, रत्नागिरीस १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिंवाळ्यांत गीतारहस्य लिहिलें. आणि तें लिहिलें शिसपेन्सिलीनें. म्हणजे शाईवांचून ग्रंथ अडत नाहीं, मग महाग शाईवांचून तो काय अडणार? उंची शाईनें विचार उंच होत नाहीं, अक्षरही आपोआप वळणदार होत नाहीं. दोन हजारांची कुपी चाळीस रुपयांच्या बाटलीपेक्षां पन्नास पट चांगली लिहिते, असें जो म्हणेल तो स्वतःस फसवितो. जास्तीचे पैसे रंगाच्या छटेचे, कांचेच्या घाटाचे आणि मनाच्या गोडीचे असतात. तें मान्य करून घेतली तर ती निर्दोष हौस आहे; गरज म्हणून घेतली तर तें ढोंग आहे.

या हौसेस खरा धोका पहिल्या कुपीचा नसून दुसरीचा आहे. पहिली अर्धीही संपली नसतां दुसरी येते, मग निळ्याच्या सात छटा, हिरव्याच्या पांच, आणि फळी भरते पण वही कोरीच राहते. तेव्हां आमचा वरील सारा हिशेब मोडून पडतो. कारण तो लिहिलेल्या पृष्ठांवर उभा आहे. न लिहिलेल्या शाईची किंमत पृष्ठास किती पडते, हें गणित शून्यानें भागण्याचें आहे.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीही सांगून ठेवतों. जेथें पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें कागद सर्दावतो, शाई पसरते, आणि साध्या निळ्या शाईचें पत्र भिजल्यास निळें पाणी होतें. तीच शाई उजेडांत वर्षानुवर्षें राहिल्यास फिकटही पडते. काजळाच्या शाईनें लिहिलेल्या जुन्या पोथ्या मात्र अजून काळ्याभोर आहेत. म्हणून बागेचे करार, जन्मटिपणें, कुळाच्या याद्या यांसाठीं न पुसणारी काळी शाई घ्यावी, आणि ती फाउंटन पेनासाठींच केलेली आहे हें वेष्टनावर पाहावें. चित्रकलेची जलाभेद्य काळी शाई पेनांत कदापि भरूं नये. तींतील लाख वाळून पेन कायमचें बुजतें. पेन आठवडाभर वापरावयाचें नसेल तर साध्या पाण्यानें धुऊन कोरडें ठेवावें. बाटलींत तरंग किंवा बुरशी दिसली तर मोह न धरतां ती टाकून द्यावी.

तात्पर्य, शाई ही चैन आहे काय? देशी शाई चैन नाहींच. ती घरांतील मिठासारखी स्वस्त वस्तु आहे व मुलांच्या हातीं ती अवश्य द्यावी. परदेशी कुपी ही चैन आहे; परंतु आपण रोज ज्या चैनींस नांव देत नाहीं त्यांच्या मानानें ती अल्पखर्ची, आणि लिहिणाऱ्याच्या हातीं सर्वांत दीर्घायुषी. तेव्हां घरांतील धाकट्या माणसानें अशी एखादी कुपी मागविली, तर किंमत किती हें विचारण्याआधीं काय लिहिणार आहेस हें विचारावें. उत्तर मिळालें तर पैसे द्यावेत. आणि सहा महिन्यांनीं कुपींत किती उरली आहे हें पाहण्यापेक्षां वही किती भरली हें मायेनें पाहावें.