पोखरलेले लाकूड आणि लेथ

लाकडावर दिसणारे बारीक भोक ही किडा बाहेर पडल्याची खूण असते. पोखरण्याचे काम त्याआधीच अळीने केलेले असते. ती काही महिने, कधी काही वर्षे लाकडाच्या आत राहते, तिथेच कोष करते आणि भुंगा झाल्यावर वाट फोडून निघून जाते. त्यामुळे वरची भोके मोजून आतल्या बोगद्यांचा अंदाज येत नाही. असा तुकडा लेथवर चढवण्याआधी कातारी दोन गोष्टी पाहतो: किडा कोणता होता आणि तो अजून आत आहे का. वाडगा करायचा की फुलदाणी, हे त्यानंतर ठरते.

सर्वांत त्रासदायक तो पीठ पाडणारा भुंगा. लिक्टस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जातीची मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. अळीला हवे असते पिष्ट, म्हणून ती खोडाच्या बाहेरच्या फिक्या थरात, म्हणजे रसकाष्ठात राहते आणि गडद गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. सागाचा गाभा वर्षानुवर्षे धड राहतो आणि त्याच फळीची पांढरी कड भुगा होऊन गळते, ती यामुळेच. भोके १ ते २ मिलिमीटरची, पण खालचा भुसा टाल्कम पावडरसारखा मऊ. हा किडा वाळलेल्या लाकडातही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि एका तुकड्यातून शेजारच्या थप्पीत शिरतो.

ॲम्ब्रोसिया भुंग्याची गोष्ट वेगळी आहे. तो लाकूड खातच नाही. ताज्या तोडीच्या ओल्या ओंडक्यात तो बोगदा पाडतो, बरोबर आणलेली बुरशी भिंतींवर वाढवतो आणि त्याची पिल्ले ती बुरशी खातात. लाकूड वाळले की बुरशी मरते आणि तिच्याबरोबर किड्यांचे बिऱ्हाडही उठते. मागे राहतात काळ्या कडांची भोके आणि त्यांच्यापासून लांबवर गेलेले करडे-तपकिरी पट्टे. अमेरिकेत असे पट्टे असलेले मेपल कातकामासाठी मुद्दाम शोधून घेतले जाते. पोखरलेल्या लाकडांत नवशिक्याने सुरुवात करावी ती यानेच.

कोकणात आंब्याचे लाकूड घेणाऱ्याला भिरूड टाळता येत नाही. ही लांब मिशांच्या मोठ्या भुंगेऱ्याची अळी. ती जिवंत झाडाचे खोड पोखरते. बागायतदार तारेच्या आकड्याने तिला ओढून काढतात आणि भोक लिंपून टाकतात. तिचे बोगदे बोट शिरेल एवढे रुंद असतात. अशा ओंडक्यातून पातळ भांडे निघत नाही. जाड बुडाचा, रुंद तोंडाचा घाट मात्र निघू शकतो. सावंतवाडीच्या लाखकामात वापरला जाणारा पांगारा हलका, मऊ आणि कातायला सोपा आहे, पण तोडल्यावर पडून राहिला तर लवकर किडतो.

किडा जिवंत आहे की नाही हे पाहायला तुकडा काळ्या कागदावर काही आठवडे ठेवतात. कागदावर पिठाची नवी ढिगुली दिसली तर आत हालचाल आहे. भोकाची कड उजळ असेल तर ते ताजे, मळलेली असेल तर जुने. जिवंत कीड मारण्याचा खात्रीचा मार्ग उष्णता. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की, लाकडाच्या आतल्या भागाचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर किमान ३० मिनिटे राहिले पाहिजे. छोट्या तुकड्यासाठी कातारी हेच माप धरू शकतो. ओले लाकूड बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवले तर पुढची लागण टळते.

लेथवर पोखरलेले लाकूड एकसारखे कापले जात नाही. पटाशी कठीण भागातून एकदम पोकळीत जाते आणि पुढच्या कडेवर आदळते. म्हणून वेग कमी, धार ताजी आणि काप बारीक ठेवावा लागतो. खरवडून काढू गेल्यास भोकाच्या कडा उचकटतात. लेथ सुरू करताना कातारी तुकड्याच्या समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो. चेहऱ्यावर ढाल आणि नाकावर चांगला मास्क हवाच, कारण बोगद्यांतून उडणारा भुसा फार बारीक असतो.

ठिसूळ भाग पातळ सुपरग्लूने घट्ट करतात. हा गोंद आतल्या वाटांनी धावतो आणि भलत्याच भोकातून, बहुधा धरलेल्या हाताशी, बाहेर येतो. फार पोकळ तुकडा पूर्ण वाळवून, निर्वात भांड्यात राळ शोषायला लावून भट्टीत घट्ट करतात. निर्वात पकडीवर मात्र असे भांडे बसत नाही, भोकांतून हवा आत येते. बाहेरून चिकटपट्टी लावली की काम होते. भोके भरायचीच असतील तर लाखेची कांडी हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम उपाय: फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने ती वितळते आणि भोकात बसते.

कातल्यावर बोगदे आडवे चिरले जातात, आणि गोल भोकांच्या जागी लांब चऱ्या उघड्या पडतात. जुन्या फर्निचरचे पारखी नेमके हेच पाहतात. भुंगा पृष्ठभागातून सरळ बाहेर येतो, पृष्ठभागालगत उघडी चर पाडत नाही. म्हणून खऱ्या जुन्या कातीव पायावर गोल भोकेच असतात. पायावर लांब चऱ्या दिसल्या तर तो आधीच किडलेल्या लाकडातून नंतर कातलेला आहे.

किडीमुळे मोल वाढलेले लाकूड म्हणजे अमेरिकन चेस्टनट. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याचा बुरशीजन्य करपा प्रथम लक्षात आला आणि पुढच्या काही दशकांत अब्जावधी झाडे गेली. उभ्या वाळलेल्या खोडांत किडे शिरले. ते भोकाळ लाकूड आज जुन्या कोठारांच्या तुळयांतून काढून घेतले जाते आणि चढ्या भावाने विकले जाते.

शेवटचा हात देताना भोकांतला भुसा हवेच्या झोताने काढतात. मेण टाळलेले बरे, ते भोकांत साचून पांढरे दिसते, तेल चालते. असे भांडे पातळ अन्नासाठी नाही, सुक्या वस्तूंसाठी किंवा शोभेसाठी ठेवावे. तेल किंवा लाख आतून, बाहेरून आणि बुडालाही लागली पाहिजे. पिठाचा भुंगा उघड्या रंध्रांतच अंडी घालतो आणि कोरे राहिलेले बूड त्याला पुरते.