चांदणी लावलेला राजा

इसवी सनपूर्व 52 साली अलेसियाच्या वेढ्यात हरलेला व्हर्सिंगेटोरिक्स ज्युलियस सीझरला शरण गेला. या गॉल सेनानीचं नाव फोडलं की तीन तुकडे हाती येतात: ‘व्हेर’ म्हणजे वरचा, ‘सिंगेटो’ म्हणजे योद्धा आणि ‘रिक्स’ म्हणजे राजा. सीझरच्या वृत्तांतात डुम्नोरिक्स, ऑर्गेटोरिक्स असे आणखीही ‘रिक्स’ भेटतात. जुन्या आयरिशमध्ये राजाला ‘री’ म्हणत. ‘राजाचा’ म्हणायचं झालं की ‘रीग’, म्हणजे दडलेला ग पुन्हा बाहेर येतो.

गॉलांची भाषा आणि आयरिश या दोन्ही केल्टिक. या सगळ्या रूपांवरून भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या पूर्वज भाषेतला, म्हणजे आद्य-केल्टिक, शब्द उभा केला: *रीख्स. ती चांदणी महत्त्वाची. हा शब्द कुठल्याही शिलालेखात सापडलेला नाही, तो नियमांनी घडवलेला आहे, एवढंच ती सांगते. (अ‍ॅस्टेरिक्स या कॉमिकवीराचं नाव याच चांदणीच्या फ्रेंच नावावरून, गॉल राजांची शेपटी जोडून केलेलं. गंमत ठरवून केलेली नसेल, पण चपखल बसलीय.)

लॅटिनमध्ये राजा ‘रेक्स’, त्यातला ए दीर्घ. केल्टिकमध्ये अशा दीर्घ ए-चा ई होतो. खऱ्याला लॅटिनमध्ये ‘वेरुस’, तर जुन्या आयरिशमध्ये ‘फीर’. संस्कृतात त्याच ए-चा आ झाला आणि ‘राज्’ उरला. त्याची प्रथमा ‘राट्’. आपण सर्रास वापरतो त्या ‘सम्राट’मधला ‘राट’ आणि व्हर्सिंगेटोरिक्समधला ‘रिक्स’ ही एकाच शब्दाची दोन रूपं. मूळ धातूचा अर्थ सरळ करणं, दिशा देणं असा मानतात. ‘ऋजु’ त्याच घरातला.

खरी पकड मात्र जर्मनिक भाषांत सापडते. तिथेही सत्तेचा शब्द ‘रीक’. पण जर्मनिकने हा शब्द थेट पूर्वजांकडून घेतला असता, तर त्यात ई आलीच नसती. ई केल्टांची, म्हणजे शब्द उसना. शिवाय जर्मनिकमध्ये ग-चा क झाला. या शब्दातही तो झालेला दिसतो, म्हणजे उसनवारी त्या बदलाच्या आधीची. कागद नाही, साक्षीदार नाही. देणारा कोण, घेणारा कोण हे एका स्वराने सांगितलं, आणि साधारण केव्हा हे एका व्यंजनाने.

जर्मनांचा ‘राइख’ आणि इंग्रजीतला ‘रिच’ त्याच उसनवारीतले. हाइनरिख या नावातलं घर अस्सल जर्मन. घरधनी तेवढा केल्टांकडून आणलेला.