बाहेर एक पत्ता, आत दुसरा

एखादा विद्यार्थी गावच्या ग्रंथालयासाठी वेबसाइट बनवतोय. लॅपटॉपवर झॅम्प हे सॉफ्टवेअर टाकून त्याने अपाची सर्व्हर चालू केलाय. पुस्तकाचे पान नीट उघडते, पण पत्ता दिसतो तो असा: लोकलहोस्ट, तिरकी रेघ, ग्रंथालय, तिरकी रेघ, बुक डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर ४२. फोनवरून कुणाला सांगायचा झाला तर जीभ अडखळेल. त्याला हवे आहे फक्त 'ग्रंथालय/बुक/४२'.

त्यासाठी एकही फाइल हलवावी लागत नाही. वाचक छोटा पत्ता मागतो, सर्व्हर आतल्या आत त्याचा लांब पत्ता करतो आणि पान देतो. ब्राउझरला त्याचा मागमूसही लागत नाही. यालाच यूआरएल रीराइटिंग म्हणतात. अपाचीत हे काम 'मॉड रीराइट' करते. राल्फ एंगेलशाल यांनी ते एप्रिल १९९६मध्ये लिहिले आणि पुढच्या वर्षी अपाची गटाला देऊन टाकले. अपाचीवर चालणाऱ्या वर्डप्रेसच्या असंख्य साइटींचे सुटसुटीत पत्ते आजही त्याच्याच जोरावर उभे आहेत.

नियम एका ओळीचा असतो: 'बुक' आणि तिरक्या रेघेनंतर आकडे आले, तर ते आकडे आयडी म्हणून बुक डॉट पीएचपीला दे. ही ओळ प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये जाते. त्याआधी 'रीराइट इंजिन ऑन' लिहायचे. विद्यार्थी फाइल साठवतो, पान ताजे करतो आणि समोर येते ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही'.

इथेच बहुतेक जण नियमाची चिन्हे उलटसुलट करत रात्र घालवतात. दोष मात्र बऱ्याचदा नियमाच्या बाहेर असतो. ती फाइल सर्व्हर वाचतो तरी का, हे आधी पाहावे. त्याची युक्ती फार सोपी आहे: फाइलच्या पहिल्याच ओळीत काहीतरी अर्थहीन खरडायचे. पान ५०० क्रमांकाची चूक दाखवू लागले तर फाइल वाचली जातेय. काहीच फरक पडला नाही तर सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग दोन गोष्टी तपासायच्या. नोटपॅडने फाइलच्या नावामागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' तर जोडले नाही ना? आणि मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये त्या फोल्डरसाठी 'अलाऊ ओव्हरराइड' कशावर आहे? अपाची २.४मध्ये ते मुळात 'नन' असते, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलचे काही ऐकायचे नाही. झॅम्प ते आपल्या 'एचटीडॉक्स' फोल्डरपुरते 'ऑल' करून देतो. उबुंटूवर ते स्वतः करावे लागते, शिवाय 'ए-टू-एनमॉड रीराइट' ही आज्ञा देऊन मॉड्यूलही जागे करावे लागते. मुख्य कॉन्फिग बदलला की सर्व्हर पुन्हा चालू करायचा. डॉट एचटीअ‍ॅक्सेसला त्याची गरज नसते, कारण ती प्रत्येक मागणीला नव्याने वाचली जाते.

आणखी एक फसवी जागा आहे. नेटवर स्वतःच्या डोमेनवर सुरळीत चालणारा, सगळे काही इंडेक्स डॉट पीएचपीकडे धाडणारा नियम लॅपटॉपवर आणला की अचानक झॅम्पचेच स्वागताचे पान उघडते. कारण त्या इंडेक्सच्या आधी तिरकी रेघ असते. ती रेघ म्हणजे साइटचे मूळ, आणि लोकलहोस्टचे मूळ ग्रंथालयाचे फोल्डर नसून त्याच्या वरचे एचटीडॉक्स आहे. रेघ काढली की काम होते.

शेवटी 'बुक/४२' उघडते, पण रंग नाहीत, चित्रे नाहीत, नुसता उघडावाघडा मजकूर. हे पाहून नियम पुन्हा मोडायला घेऊ नये. तो बरोबर चाललाय. ब्राउझर मात्र 'बुक' हे खरेच फोल्डर आहे असे धरून चालतो आणि स्टाइलची व चित्रांच्या फाइली तिथे शोधतो. पानात त्यांचे रस्ते ग्रंथालयाच्या फोल्डरपासून पूर्ण लिहिले की पुढच्याच फेरीत मुखपृष्ठ, शीर्षक आणि लेखकाचे नाव आपापल्या जागी येतात.