पांदणीला निघताना पेटीत काय?

यवतमाळ जिल्ह्यात गाडी अडकायला हिमालयातली खिंड लागत नाही. आश्विनातला एक अवकाळी पाऊस आणि कापसाच्या वावरातली एक पांदण, एवढं पुरतं. वरून सुकलेली दिसणारी काळी माती चाकाखाली येते, टायरच्या खाचा भरते, मग चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा भरते आणि बघता बघता गाडी टोंगळाभर चिखलात बसते. तीच माती मे महिन्यात तडकते, तेव्हा तिच्या भेगेत मोटारसायकलचं चाक रुततं. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जिल्ह्यातून जातो आणि त्यावरून गाडी पाण्यासारखी धावते. पण त्याच महामार्गावरून झरी जामणीकडच्या कोलाम पोडांच्या, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांच्या, दिशेनं वळा, किंवा उमरखेड तालुक्यात ढाणकी ओलांडून बिटरगावच्या बंदी भागात शिरा. मोबाइलचे दांडे उतरू लागतात आणि डिक्कीत आपण काय भरलंय याचा विचार पहिल्यांदा मनात येतो.

अलीकडे थार, जिम्नी, गुरखा घेणारी मंडळी वाढली आहेत. टिपेश्वरची सफारी, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, इसापूरच्या धरणामागची माळरानं, अशा वाटा त्यांना खुणावतात. पण हौशी मंडळींच्या कितीतरी आधीपासून या वाटांवर लसीकरणाची पथकं, निवडणुकीच्या पेट्या आणि कापसाचे बोद नेणाऱ्या गाड्या जात आहेत. ‘सोबत काय ठेवायचं’ हे शिकायचं असेल तर त्या गाड्यांच्या चालकांकडून शिकावं. त्यांच्या सीटखालची पेटी लहान असते आणि तिच्यात उगाच पडलेली वस्तू सहसा नसते.

हौशी माणसाची चूक सहसा उलट दिशेची असते. लडाख किंवा स्पितीला निघालेल्यांसाठी केलेली यादी तो जशीच्या तशी उचलतो. त्या यादीत क्लचप्लेट असते, अल्टरनेटर असतो, कधी शॉकअब्सॉर्बरची जोडी असते. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो बाभळीखाली, एका जॅकवर, संध्याकाळी सहा वाजता कोण उतरवणार? अशा वेळी ती प्लेट म्हणजे नुसतं ओझं. गाडीची वजन वाहण्याची क्षमता ठरलेली असते. चार माणसं, पाणी, सामान आणि वर चाळीस किलो लोखंड भरलं की तेच वजन पाटे आणि टायरांवर येतं. म्हणजे ज्या मोडतोडीसाठी सुटे भाग नेले, तिलाच आमंत्रण.

माझी कसोटी वेगळी आहे आणि ती या जिल्ह्यानंच शिकवली. इथे हात मिळतो, माप मिळत नाही. कोणत्याही मोठ्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री असतो. त्याच्याकडे वेल्डिंग असतं, टॉमी असते, हातोडा असतो आणि मुख्य म्हणजे लोखंडाची समज असते. तुमच्या गाडीचा भाग तो बसवून देईल, पण तो भाग त्याच्या फळीवर असेलच असं नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे: ही मोडली तर गाडी जागची हलेल का? आणि ही उमरखेड, घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या दुकानात मिळेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल आणि ती झाडाखाली बसवता येण्यासारखी असेल, तरच ती पेटीत.

यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. तुमची गाडी जितकी साधी आणि सगळीकडे दिसणारी, तितकी तुमची पेटी हलकी. २००० साली आलेली बोलेरो विदर्भातल्या गावागावात पोचली आहे. तिचा फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, होज पाइप तालुक्याच्या दुकानात न मिळाला तर नवल. टिपेश्वरच्या सुन्ना किंवा माथनी गेटवर उभी असते ती जिप्सी; १९८५ साली आलेली ही गाडी २०१९च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली, पण सफारीच्या गाड्यांमुळे तिचे भाग आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री त्या परिसरात टिकून आहेत. याउलट नवी, महागडी, मोठ्या रिमची गाडी घेऊन आलात तर तिच्या मापाचं टायर यवतमाळ शहरातही मागवूनच घ्यावं लागेल. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात आडवाटेचे प्रवासी पिढ्यान् पिढ्या टोयोटाची लँड क्रूझर का धरून बसले, त्याच्या कारणांत हेही एक मोठं आहे: तिचे भाग वाटेत मिळतात.

दोन-तीन गाड्यांनी जाणार असाल तर एकाच जातीच्या गाड्या न्या. हा धडा युद्धानं घालून दिलेला आहे. १९४० साली राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिबियाच्या वाळवंटासाठी ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला, तेव्हा सुरुवातीला त्याचा भर शेव्हरोलेच्या ट्रकांवर होता. त्याआधीची कित्येक वर्षं तो फोर्ड गाड्या घेऊन त्या वाळवंटात स्वखर्चानं भटकला होता. रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारं पाणी एका डब्यात गोळा करून परत आत घेण्याची युक्ती आणि वाळूत चाकाखाली घालायच्या पोलादी पट्ट्या ही त्या भटकंतीची कमाई. गाड्या एकजातीच्या असल्या की एका पेटीत सगळ्यांचं भागतं, आणि वेळ आलीच तर एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावता येतो.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू. सुरुवात टायरपासून, कारण इथे सगळ्यात जास्त तेच दगा देतं. काटे आहेतच, बाभूळ, बोर, हिवर. पण खरा वैरी पऱ्हाटीचं धसकट. कापूस संपल्यावर पऱ्हाटी तिरकी छाटतात आणि जमिनीत वीतभर टोकदार खुंट राहतो. तुरीचंही तसंच. धुऱ्यावरून गाडी वळवताना असा खुंट टायरच्या बगलेत शिरला, तर तिथे ट्यूबलेसची पट्टी धरत नाही. बगल प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पट्टी बाहेर फेकली जाते. अशा वेळी उपयोगी पडते ती ट्यूब. आपल्या रिमच्या मापाची एक ट्यूब घडी करून ठेवावी. गावातला पंक्चरवाला टायर उघडेल, फाटल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा लावेल, ट्यूब भरेल आणि तुम्ही हळू चालवत डांबरी सडक गाठाल. हे सगळं करायला त्याचा हात तयार आहे. त्याच्याकडे नाही ती पंधरा किंवा सोळा इंची तुमची ट्यूब. शिवाय स्टेपनी, पट्ट्यांचा डबा, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि चार व्हॉल्व्ह पिना. चिखलात टायरची हवा कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते, पण पुन्हा हवा भरायला पंप नसेल तर त्या नरम टायरवर सडकेवर वेगात जाणं म्हणजे टायर जाळणं.

जॅकबरोबर एक फळी हवीच. साधारण फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाडीची, सागवानाची असेल तर उत्तम. काळ्या मातीत कंपनीचा जॅक लावलात तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. फळी घातली की वजन पसरतं. सुट्या भागांच्या कोणत्याही छापील यादीत ही फळी सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

इंजिनाच्या बाजूला बेल्ट आणि पाण्याचे पाइप. इथे जुन्या चालकांची एक रीत फार शहाणपणाची आहे. ते नवा बेल्ट पेटीत ठेवत नाहीत. प्रवासाआधी नवा बेल्ट गाडीवर चढवतात आणि उतरवलेला, अजून धड असलेला जुना पेटीत टाकतात. त्यात दोन फायदे. गाडीवर नवा माल, आणि पेटीतला भाग याच गाडीवर बसतो याची खात्री. दुकानदारानं दिलेला ‘तोच नंबर’ दोन सेंटिमीटर लांब निघाल्याचं जंगलाच्या कडेला कळण्यापेक्षा हे बरं. पाण्याच्या वरच्या-खालच्या पाइपांचंही असंच करावं. सोबत दोन-तीन मापांच्या होज क्लिपा, रेडिएटरची टोपी आणि पाच लिटर पाणी, पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो. शिवाय गवताचं बी आणि कापसाची रुई रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. काटा चढायला लागला तर आधी जाळी झाडून पाहा. आणि गरम टोपीला हात लावू नका, हे सांगायला नको. तरीही दर उन्हाळ्यात कुणीतरी लावतंच.

आता एका लहान वस्तूबद्दल जरा सविस्तर, कारण ती फार उपेक्षित आहे. ज्या गाडीला पाटे आहेत, म्हणजे बोलेरो, जिप्सी, जुनी थार, ट्रॅक्स, तिच्या प्रत्येक पाट्याच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. करंगळीएवढा. तो सगळे पाटे एकत्र धरतो आणि त्याचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत बसून ॲक्सलला जागेवर ठेवतं. त्याच्याभोवतीचे यू बोल्ट ढिले झाले, की सगळा भार या करंगळीवर येतो आणि नाल्यातल्या एखाद्या गोट्यावर चाक आपटताच तो कापला जातो. मग ॲक्सल मागे सरकतो, गाडी तिरकी चालू लागते, चाक मडगार्डला घासतं. भाग किरकोळ किमतीचा, आणि गाडी जागच्या जागी. ट्रॅक्टरचा मिस्त्री दुसऱ्या कशाचा बोल्ट कापून बसवून देईलही, पण त्याचं डोकं त्या खाचेत नीट बसेलच असं नाही. दोन सेंटर बोल्ट आणि नटांसकट एक यू बोल्ट पेटीच्या कोपऱ्यात सहज मावतात. त्याहून चांगलं म्हणजे निघण्याआधी यू बोल्ट आवळून घ्यावेत. तेवढ्यानंच बहुतेक वेळा काम भागतं.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा एक क्रॉस आणि त्याच्या सर्क्लिपा ठेवा. तो बदलता आला नाही तरी हताश व्हायचं कारण नाही. जिप्सीसारख्या गाडीत मागचा शाफ्ट बोल्ट काढून उतरवता येतो आणि पुढच्या चाकांच्या जोरावर घर गाठता येतं.

डिझेल गाडीला फिल्टर एक जादा, त्याच्या वायसरांसकट. आडगावात कॅनमधलं डिझेल भरावं लागलं तर त्यात पाणी किंवा कचरा येतोच. फिल्टर बदलल्यावर लाइनीतली हवा काढायची रीत आपल्या गाडीची शिकून घ्यावी, ती गाडीगणिक वेगळी. इंजिन ऑइल दोन लिटर, ब्रेकऑइलची एक बाटली. जुन्या गाडीला क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल. फ्यूज, दोन रिले, दोन मीटर वायर. एम-सील, तांब्याची तार, इन्सुलेशन टेप, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी: डिझेलच्या टाकीला दगडानं बारीक चीर पडली, तर तिच्यात साबण घासून भरला की गळती तात्पुरती थांबते, वरून एम-सील लावता येतं.

एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांचं दुखणं वेगळं. एखादा सेन्सर बिघडला की इंजिन स्वतःहून जोर कमी करतं. गाडी चालते पण चढ चढत नाही. सेन्सरांचा डबा भरून नेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मोबाइलला जोडता येणारा छोटा कोड-वाचक ठेवा. तो बिघाडाचा कोड दाखवतो, आणि तसंच हळू पुढे जायचं की थांबायचं हे ठरवायला मदत होते.

आणखी एक कागद. गाडीचा चॅसिस नंबर आणि मुख्य भागांचे कंपनीचे पार्ट नंबर लिहून तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. एकाच नावाच्या गाडीत कंपनी वर्षाच्या मधेच भाग बदलते, तेव्हा फोनवरून ‘थारचा बेल्ट’ मागवलात तर येईल तो बेल्ट तुमचाच असेल याची हमी नाही. मागवताना दिशाही बघा. उमरखेडहून नांदेड यवतमाळपेक्षा जवळ पडतं, पाटणबोरीहून आदिलाबाद. वणीकडे असाल तर कोळशाच्या खाणींमुळे जड वाहनांची दुरुस्ती करणारे तिथे आहेत. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून यवतमाळकडेच धावण्याची गरज नाही.

अभयारण्यात मात्र यातलं बरंचसं गैरलागू. टिपेश्वर असो की पैनगंगा, ठरलेली वाट सोडून गाडी घालणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि गाडीतून उतरायलाही मनाई असते. तिथे गाडी बंद पडली तर बॉनेट उघडायचं नाही. आत बसून राहायचं आणि मार्गदर्शकाकडून वनखात्याला निरोप द्यायचा. टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक वाघ २०१९च्या जून महिन्यात निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, स्टेपनीशिवाय. त्या रानात पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्या माणसाकडे तो कोणत्या नजरेनं पाहील, याचा प्रयोग न केलेला बरा.

दिवाळीनंतर पांदणी वाळतात, कापूस वेचणीला येतो आणि गाड्या बाहेर पडतात. निघण्याआधीच्या रविवारी एक काम जरूर करा. आपल्याच अंगणात, कंपनीनं दिलेल्या पान्यानं, चारही चाकांचे नट एकेकदा सोडवून पुन्हा आवळा. टायरच्या दुकानात हे नट हवेच्या गननं इतके आवळलेले असतात की कंपनीचा आखूड पाना त्यांना हलवत नाही. तसं निघालं तर लांब दांड्याचा पाना किंवा त्यावर चढणारा दोन फुटी लोखंडी पाइप विकत घ्या, आणि पेटीत तो सगळ्यात वर ठेवा.