वारीच्या वाटेवरचे सोबती

आपल्या बेटावरील मराठी घरांत विठोबाचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. भजनातून आणि देवघरातील तसबिरीतून तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्याबरोबर राहिला आहे. परंतु पंढरपूरची वाट कशी असते आणि त्या वाटेवर कोण भेटते, हे आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. २०२४ सालच्या आषाढी वारीत आम्ही चौघे मॉरिशसकर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललो. तेथे भेटलेल्या सोबत्यांविषयी वाचकांना चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम करीत ती आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरास पोहोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकात. त्याच शतकात आपले पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटावर ह्या बेटाकडे निघाले होते.

वारीत एकट्याने चालण्यापेक्षा दिंडीबरोबर चालतात. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे कितीतरी अधिक. प्रत्येकीला नंबर असतो. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि विणेकरी, पाठीमागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. सामान ट्रकातून पुढच्या तळावर जाते. तेथे राहुट्या पडतात, चुली पेटतात.

पहिल्याच दिवशी ध्यानात आले की येथे कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही. लहान असो वा थोर, सगळे ‘माऊली’. पाणी देणारा माऊली, वाट मागणारा माऊली, पायावर पाय पडला तर तोही माऊली. भेटताच एकमेकांच्या पाया पडायचे. पांढऱ्या केसांचे आजोबा आमच्यातील विशीतल्या मुलाच्या पाया पडले, तेव्हा तो गोंधळून गेला. मग त्यानेही वाकून नमस्कार केला आणि दोघे हसले.

दिवे घाटाची चढण एकादशीच्या दिवशी येते. पुणे ते सासवड हा लांब टप्पा. तेथे पुण्यातील एक संगणक अभियंता आमच्याबरोबर चालला. तो एका दिवसापुरताच आला होता. आमचे मराठी अडखळत होते, त्याच्या मराठीत निम्मे इंग्रजी होते. मागून येणाऱ्या परभणीकडच्या आजीबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं कोन्त्या देशाचे?” त्याचे हसू मावेना.

ह्या आजीबाई पुढे आमच्याच दिंडीत निघाल्या. वारीत दुसरा प्रश्न हमखास येतो, “गाव कोन्तं?” आम्ही म्हणालो, “मॉरिशस.” “तालुका?” आम्ही समुद्रापलीकडचे बेट समजावून सांगितले. “ते झालं राहायचं. मूळ गाव कोन्तं?” येथे आम्ही गप्प झालो. चौघांपैकी एकाला रत्नागिरी एवढे ठाऊक होते, बाकीच्यांना तेवढेही नाही. जेथे प्रत्येकजण आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो तेथे उत्तर नसणे किती बोचते, ते त्या दिवशी कळले. आजीबाईंनी पिशवीतली भाकरी मोडून पुढे केली आणि म्हणाल्या, “पंढरपूर माहेर हाय आपलं. माहेरी जायाला सातबारा लागत न्हाई.”

इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ ह्या लेखात आपली वारी वर्णिली आहे. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, ह्याची खंत त्यांनी नोंदविली. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. वाढणाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “जात विचारली असती तर तुम्हांला कुठं बसवलं असतं, माऊली?”

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय एकदम शांत होतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ते ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तेथेच पुकारतात. चष्मा, पिशवी, टाळांचा जोड. आमच्यातील एकजण हळूच म्हणाला, “आपलं गावही पुकारायला सांगू या का?”

गाव पुकारून सापडत नाही, पण शोधून सापडू शकते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांत नाव, जहाज, जिल्हा, गाव अशा नोंदी आढळतात. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या आजोबांचे नाव ठाऊक आहे, तोवरच हा शोध सोपा आहे. ते नाव आज वहीत उतरवून घ्यावे.

आणखी एक. महाशिवरात्रीस आपणही गंगा तलावाकडे पायी जातो. वाटेवर सरबत आणि फळे देणारे हात असतात. ते आपण घेतो आणि आपल्याच मंडळींबरोबर पुढे निघतो. ह्या खेपेस देणाऱ्याला आणि शेजारून चालणाऱ्याला एवढेच विचारावे, “तुमचे गाव कोणते?” तो त्रिओलेचा निघेल, वाक्वाचा निघेल, कदाचित आपल्याच नात्यातला निघेल. आणि त्याने उलट विचारले, तर त्याला सांगण्यासाठी आपल्या घरातून एक नाव बरोबर न्यावे.